कॉलरबोन मोडलंय. एक डॉक्टर म्हणतात १२ मिलिमीटर आखूड, दुसरे म्हणतात २४. कुणाचं धरायचं?

केतकीचं_बन

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते, आज आरोग्य विभागात धागा काढायची वेळ आली.

धाकटे दीर, वय ३१, कात्रजच्या जुन्या घाटात बाइकवरून घसरले. हेल्मेट होतं, डोक्याला काही नाही. पण डाव्या खांद्यावर आपटले आणि कॉलरबोन मधोमध मोडलं. रात्री जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे स्ट्रेचरवर आडवं असतानाच एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, खिशातली पट्टी लावली आणि म्हणाले, "टोकं एकमेकांवर १२ मिलिमीटर चढलीत. ऑपरेशनची गरज नाही, पाउच (हाताची तयार झोळी) घाला, जुळेल." जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून दुसरीकडे दाखवलं. तिथे उभं करून नवा एक्स-रे. कॉम्प्युटरवर माउसने रेघ ओढली, २४ मिलिमीटर. "दोन सेंटिमीटरच्या वर गेलं की आम्ही ऑपरेशन करून प्लेट (हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) सुचवतो."

आता घरात दोन पक्ष. नवरा म्हणतो प्लेट. सासूबाई म्हणतात पूर्वी पाठीला आठाचा पट्टा बांधायचे, तो बांधा, कशाला चिरफाड. भाऊजी म्हणतात काय ते एकदाचं ठरवा वहिनी, मला झोप मिळू दे.

मला एवढंच कळत नाही की एकाच हाडाची दोन मापं कशी? दोन दिवसांत हाड सव्वा सेंटिमीटर सरकलं? की कुणीतरी चुकीचं मोजलं?

पॉपकॉर्नवाला

धाग्यावर जागा धरून ठेवतो. भाऊजींना लवकर आराम पडो.

घाटचढ्या

ताई, डोळे झाकून प्लेट करा. आमच्या सायकल ग्रुपमधले दोघे प्लेटवाले आहेत, दोघेही झकास. मोटोजीपीचा (बाइक शर्यतींचा) होर्हे लोरेंझो आठवतो का? २०१३, आसेन. गुरुवारी सरावात पडून कॉलरबोन मोडलं, विमानाने बार्सिलोनाला जाऊन प्लेट टाकून घेतली आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला!

थेम्सकाठी

लोरेंझो पाचवा आला कारण त्याला गुण हवे होते, हाड जुळलं होतं म्हणून नाही. :) इथे लंडनजवळ माझं मोडलं होतं तेव्हा झोळी, गोळ्या आणि पुढची तारीख देऊन घरी पाठवलं. जुळलं. खांद्याजवळ एक टेंगूळ आहे, शर्ट काढल्याशिवाय कुणाला दिसत नाही. ऑपरेशनची घाई भारतात जरा जास्तच होते असं माझं मत. (ठोका आता.)

जुना_ऑर्थो

केतकीताई, पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण तुमचा प्रश्न मोजमापाचा आहे आणि तो रास्त आहे. सवडीने लिहितो.

आधी हाड चढतं का ते. कॉलरबोन मधोमध मोडलं की छातीकडचा तुकडा मानेचा स्नायू वर ओढतो. खांद्याकडचा तुकडा हाताच्या वजनाने खाली जातो आणि छातीचे स्नायू त्याला आत ओढतात. म्हणजे टोकं एकमेकांवरून सरकतात आणि खांदा छातीच्या जवळ येतो. या जवळ येण्याला आम्ही शॉर्टनिंग म्हणतो. ते एका जागी गोठलेलं नसतं. पेशंट झोपला की हाताचं वजन बिछान्यावर जातं आणि टोकं थोडी मागे सरतात. उभा राहिला की पुन्हा चढतात. उभं आणि आडवं असे दोन्ही एक्स-रे एकाच पेशंटचे काढून झालेले अभ्यास आहेत आणि उभ्या फिल्ममध्ये हाड जास्त हललेलं दिसतं. त्यामुळे पहिलं आडवं आणि दुसरं उभं, एवढ्यानेच तुमच्या दोन आकड्यांत फरक पडायला हवा. शिवाय पहिल्या काही दिवसांत टोकं खरोखरच आणखी सरकू शकतात.

आता २ सेंटिमीटर कुठून आलं? १९९७ साली हिल आणि सहकाऱ्यांनी पूर्ण सुटलेल्या, ऑपरेशन न केलेल्या ५२ मोडींचा मागोवा घेतला. १५ टक्के जुळल्या नाहीत, ३१ टक्के पेशंट निकालावर नाखूष होते आणि सुरुवातीलाच २० मिलिमीटर किंवा जास्त आखूड झालेल्यांत न जुळण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्याआधी सगळे नीर या सर्जनच्या १९६०च्या आकड्यावर विसंबून होते, २२३५ मोडींत फक्त ३ न जुळलेल्या. हिलच्या पेपरनंतर वारं फिरलं आणि २० हा आकडा प्रत्येक रेसिडेंटला पाठ झाला. पण नंतरच्या काही अभ्यासांत आखूडपणा आणि हाताचं काम यांचा स्पष्ट संबंध दिसलेला नाही. लाझारिडिस आणि झाफिरोपुलोस यांनी २००६ मध्ये पुरुषांसाठी १८ आणि बायकांसाठी १४ मिलिमीटर असे वेगळे आकडे दिले, कारण उघड आहे, बायकांचं हाडच मुळात लहान. १५ सेंटिमीटरच्या हाडातून दीड गेला तर तो दहावा हिस्सा. म्हणून मी स्वतः टक्क्यांत विचार करतो.

आणि हो, सासूबाईंना सांगा, आठाच्या पट्ट्याने टोकं जाग्यावर येऊन राहतात असं नाही. १९८७ साली अँडरसन यांनी पट्टा आणि साधी झोळी यांची तुलना केली. निकाल सारखाच, पट्टेवाल्यांना त्रास मात्र जास्त. काखेत काचतो तो.

चाकणकर

डॉक्टरसाहेब, मस्त प्रतिसाद. मी क्वालिटीत आहे, २० वर्षं व्हर्नियर आणि हाइट गेजसोबत काढली. आमच्याकडे कुणी जॉब (तयार झालेला भाग) नापास केला की पहिला प्रश्न, गेज आर अँड आर केलंय का? म्हणजे तोच जॉब, तेच गेज, तीन माणसं, प्रत्येकाने पुन्हा पुन्हा मोजायचं. मोजण्यातलाच फरक टॉलरन्सपेक्षा (चालणाऱ्या फरकापेक्षा) मोठा निघाला तर त्या गेजवर जॉब नापास करायचा नाही.

इथे तर गेज बदललं, ऑपरेटर बदलला, फिक्स्चर, म्हणजे जॉब धरायची बैठक, बदललं (आडवा/उभा) आणि जॉबसुद्धा दोन दिवसांनी जुना झाला. आणि निर्णय कशावर? २० च्या एका रेघेवर! एकाच फिल्मवर दोन ऑर्थोपेडिक लोकांनी मोजलं तर किती जुळतं, हे कुणी तपासलंय का?

जुना_ऑर्थो

तपासलंय, आणि उत्तर आमच्यासाठी फार कौतुकाचं नाही. साध्या एक्स-रेवर वेगवेगळ्या सर्जननी शॉर्टनिंग मोजलं की एकमत बेताचंच निघतं. हाड मोडलं की नाही यावर वाद नसतो, पण किती मिलिमीटर यावर असतो.

कारण रेघ कुठून कुठे ओढायची यावरच दोन पंथ आहेत. एक, दोन्ही तुकड्यांची टोकं शोधा, हाडाच्या लांबीच्या दिशेत ती किती एकमेकांवर आलीत ते मोजा. मोड तिरकी असेल, मध्ये एखादा सुटा तुकडा आडवा पडला असेल, तर टोक कशाला म्हणायचं हेच ठरत नाही. रेघ लांबीच्या दिशेत न धरता तिरकी टोकाला टोक जोडून ओढली तर आकडा फुगतो, कारण वर-खाली सरकलेलंही त्यात मिसळतं. दुसरा पंथ, दोन्ही बाजूंची अख्खी कॉलरबोन मोजा आणि वजाबाकी करा. यात टोकं शोधायची भानगड नाही, पण दोन्ही बाजू मुळात सारख्या होत्या असं गृहीत धरावं लागतं. तशा त्या नसतात. बहुतेकांचं उजवं हाड डाव्यापेक्षा थोडं आखूड आणि जाड असतं. काही निरोगी माणसांत हा फरक ५ मिलिमीटरच्याही वर जातो.

क्षकिरण

नाशिकहून एक्स-रे टेक्निशियन बोलतोय. सगळे डॉक्टरांना विचारतात, आम्हाला कुणी विचारत नाही, म्हणून आगाऊपणे लिहितो.

ताई, पहिली फिल्म घरात असेल तर काढून बघा. एका फिल्मवर दोन चित्रं आहेत का? आणि कडेला बारीक खुणांची सेंटिमीटरची पट्टी छापलेली आहे का?

का विचारतो ते सांगतो. जुन्या कॅसेटच्या काळात फिल्मवर जे उमटायचं ते मापात असायचं, थोडं मोठंच. आता चित्र डिजिटल, छपाई लेझर प्रिंटरवर. २४ बाय ३० सेंटिमीटरचं चित्र २० बाय २५ च्या फिल्मवर बसवलं की ते आपोआप सहाव्या हिश्श्याने लहान झालं. पैसे वाचवायला एकाच फिल्मवर दोन व्ह्यू छापले की आणखी लहान. त्यावर खिशातली पट्टी लावून आलेला आकडा खरा नसतो, कडेची पट्टी बघून गुणावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत मोजणारेही पाहिलेत. त्यांना कोपरापासून नमस्कार.

दुसरी गोष्ट, मोठं दिसणं. समोरून काढलेल्या खांद्याच्या एक्स-रेत ट्यूब साधारण १०० सेंटिमीटरवर असते आणि पेशंटची पाठ डिटेक्टरला. कॉलरबोन पुढच्या बाजूला, म्हणजे डिटेक्टरपासून लांब. समजा ते १० सेंटिमीटर लांब आहे, तर सावली शंभर भागिले नव्वद, ११ टक्के मोठी. तेच छातीचा उभा एक्स-रे काढताना पेशंटची छाती डिटेक्टरला टेकलेली आणि ट्यूब पाठीमागे १८० सेंटिमीटरवर. हाड ४ सेंटिमीटर लांब धरलं तर वाढ जेमतेम २ टक्के. आणि दोन्ही कॉलरबोन एकाच चित्रात मिळतात! म्हणून मोजायचंच असेल तर मला छातीचा असा उभा पीए (किरणं पाठीकडून छातीकडे) आवडतो.

तिसरी, सगळ्यात फसवी. पेशंट दुखऱ्या बाजूने वळून उभा राहतो. राहणारच, कळ येते बिचाऱ्याला. पण हाड तिरकं झालं की सावली आखूड पडते. १५ सेंटिमीटरचं हाड चित्राच्या पातळीपासून ३० अंश वळलं तर सावली १३ सेंटिमीटर. झाले ना दोन सेंटिमीटर, काहीही न मोडता? म्हणून छातीच्या फिल्ममध्ये मी आधी मणक्याचे मधले काटे बघतो. दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं त्यापासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजेत. नसतील तर पेशंट वळलेला आहे, त्यावर लांबीची वजाबाकी करू नये.

आणि एक. बरेच पेशंट चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचं कोपर उचलून धरतात. चित्रात टोकं जवळ येतात, आकडा छान येतो. पाउच घालून की काढून, हात कसा होता, हे कुणी लिहून ठेवत नाही.

चाकणकर

वा! वाचनखूण साठवली. फिक्स्चरचा प्रश्न निकालात काढलात.

केतकीचं_बन

क्षकिरणदादा, तुम्ही अंतर्ज्ञानी आहात का? फिल्मवर दोन चित्रं आहेत. कडेला पट्टीही आहे, मला वाटायचं ती नक्षी. शाळेच्या पट्टीने मोजली, त्यावरचे ५ सेंटिमीटर प्रत्यक्षात साडेतीनच भरतात. मग १२ चे किती झाले?

क्षकिरण

१२ भागिले ०.७, म्हणजे १७. आडवं असताना. उभं केल्यावर आणखी थोडं वाढणार. आता २४ फार लांब वाटत नाही ना?

आजरेकर

एवढं गणित कशाला? आमच्याकडे एक हाडवैद्य आहेत, पिढीजात. तेल लावून ओढून बसवतात, वर बांबूच्या कामट्या. माझ्या चुलत्याचं बसवलं होतं. एक्स-रे नाही की काही नाही.

जुना_ऑर्थो

आजरेकर, कॉलरबोन जुळायला फारसं काही लागत नाही, बहुतेक मोडी आपल्या आपण जुळतात. त्यामुळे चुलत्यांचं जुळलं यात नवल नाही. पण या हाडाच्या लगेच खाली हाताकडे जाणारी मोठी रोहिणी, नीला आणि हाताच्या नसांचा जुडगा आहे, त्याखाली फुप्फुसाचं टोक. टोकदार तुकडा आत असताना कुणी ओढाताण करू नये, एवढीच हात जोडून विनंती. आणि कामट्या या हाडाला बांधणार कुठे?

सीटी_का_नाही

एक शंका. एक्स-रे इतका बेभरवशाचा तर सरळ थ्रीडी सीटी का काढत नाहीत? त्यात वळलं-बिळलं काही फरक पडायला नको.

जुना_ऑर्थो

वळण्याचा प्रश्न सुटतो, खरं आहे. तुकडे किती, कुठे वळलेत हेही फार छान दिसतं. पण सीटी आडवं झोपवून काढतात! म्हणजे भूमिती अचूक पण अवस्था चुकीची. शिवाय छातीच्या वरच्या भागाला जास्त किरणं. सरळसोट मोडीत मोजण्यापुरता सीटी मी सांगत नाही. आतल्या किंवा बाहेरच्या टोकाशी मोड असेल, सांध्याची शंका असेल तर गोष्ट वेगळी.

हळूहळू_हलवा

फिजिओ आहे. आम्ही टेपने मोजतो. छातीच्या हाडावरच्या खळग्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत, दोन्हीकडे, पेशंट ताठ उभा. सूज असेल तर आकडा फसतो, पण सूज उतरल्यावर महिन्याभराने तेच माप घेतलं तर चांगलं कळतं. मिलिमीटरपेक्षा मी पाठीमागून बघते. पाठीचं फरं पुढे कलंडलंय का, त्याची आतली कड उचललेली दिसते का, हात डोक्यावर नेताना खांदा आधीच वर चढतो का. काही लोक दोन सेंटिमीटर आखूड असूनही छान हात वापरतात, काहींना कमीत कमी फरकातही पाठीत ओढ जाणवते.

घाटचढ्या

म्हणजे सगळे मिळून सांगताय की मोजूच नका?

जुना_ऑर्थो

अजिबात नाही. मोजाच, पण कसं मोजलं ते शेजारी लिहा आणि पुढच्या वेळी तसंच मोजा. आणि एकट्या त्या आकड्यावर प्लेट ठरवू नका.

माझ्या ओपीडीत क्रम असा. कातडी ताणून पांढरी पडली आहे का, टोक बाहेर यायच्या बेतात आहे का? हाताची नाडी, बोटांची संवेदना? जखम उघडी आहे का? यातलं काही असेल तर मिलिमीटर बघायला मी थांबत नाही. ते नसेल तर, टोकं एकमेकांना कुठे तरी टेकलेली आहेत की पूर्ण सुटलीत? मध्ये आडवा तुकडा आहे का? पेशंट सिगारेट ओढतो का? हा प्रश्न मी दोनदा विचारतो, एकदा घरच्यांसमोर आणि एकदा ते बाहेर गेल्यावर. मग आखूडपणा, मग कामधंदा.

कॅनडातल्या ट्रॉमा सोसायटीचा २००७चा अभ्यास बघा. १३२ पेशंट, पूर्ण सुटलेल्या मोडी, निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना झोळी. शेवटपर्यंत टिकलेल्यांत प्लेटवाल्या ६२ पैकी २ जुळल्या नाहीत, झोळीवाल्या ४९ पैकी ७. घाटचढ्या, हा तुमच्या बाजूचा पुरावा. आता थेम्सकाठींच्या बाजूचा. २०१३ साली एडिंबरोच्या रॉबिन्सन यांनी २०० पेशंटांवर तसाच अभ्यास केला. प्लेटने न जुळणं खूप कमी झालं, पण न जुळलेले वगळून उरलेल्यांची तुलना केल्यावर दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते. म्हणजे प्लेट मुख्यतः न जुळण्यापासून वाचवते. सात-आठ जणांना प्लेट टाकावी तेव्हा त्यातल्या एकाचं न जुळणं टळतं, असा माझा ढोबळ हिशेब. बाकीच्यांचं तसंही जुळलंच असतं. त्यांच्या वाट्याला व्रण, व्रणाखाली बधिरपणा, सॅकचा पट्टा प्लेटवर घासणं आणि काहींना प्लेट काढायचं दुसरं ऑपरेशन.

थेम्सकाठी

न्याय झाला. धन्यवाद.

माई_दादर

नातू १० वर्षांचा आहे, त्याचंही मोडलंय. त्याचंही एवढं मोजायचं का हो?

जुना_ऑर्थो

नको माई. वाढत्या मुलांत हाड जुळतं आणि पुढे आकारही बराच सुधारतो. तुमच्या डॉक्टरांनी झोळी दिली असेल तर निश्चिंत राहा. टेंगूळ येईल, त्याला घाबरू नका.

केतकीचं_बन

अपडेट देते. २४ सांगणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांकडेच पुन्हा गेलो, पण या वेळी प्रश्न लिहून नेले. आधी ते जरा त्रासले, मग फिल्म कशी काढली हे विचारल्यावर हसले आणि खुर्ची ओढून नीट बोलले. २४ कसं आलं? तर टोकापासून टोकापर्यंत तिरकी रेघ होती, आणि सुटा तुकडाही त्यात धरला होता.

छातीचा उभा पीए काढला, पाउच काढून, हात मोकळे सोडून. काटे मधोमध आहेत हे मी स्वतः बघून घेतलं. (टेक्निशियन माझ्याकडे असा बघत होता!) उजवं १५४ मिलिमीटर, डावं १३५.

म्हणजे १९. मी मनात म्हटलं, झालं, आता २० च्या अलीकडे एक मिलिमीटर, करा काय करायचं ते.

चाकणकर

१९ अधिक-उणे ५ लिहा. मग अलीकडे-पलीकडे हा प्रश्नच राहत नाही.

केतकीचं_बन

डॉक्टरही जवळपास तेच म्हणाले. टोकं पूर्ण सुटलेली आहेत, पण आडवा तुकडा लहान आहे. कातडी, नाडी, बोटं ठीक. भाऊजींचं काम लॅपटॉपवरचं आणि मोडलेला हात डावा. अडचण सिगारेटची. दिवसाला अर्धं पाकीट, हे आम्हाला त्या खोलीतच कळलं. सासूबाई सोबत होत्या, पुढचं लिहीत नाही.

दोन्ही मार्ग चालतील, धोके असे असे, तुम्ही ठरवा, असं डॉक्टर म्हणाले. भाऊजींनी पाउच निवडला. ठरलंय असं, की दोन आठवड्यांनी हाच एक्स-रे, याच पद्धतीने, इथेच. आणखी बरंच सरकलेलं दिसलं तर तेव्हाच प्लेट, कारण महिनोन्‌महिने थांबून केलेलं ऑपरेशन जास्त किचकट होतं. आणि सिगारेट आजपासून बंद.

घाटचढ्या

मी असतो तर प्लेटच केली असती. पण भाऊजींचं हाड, भाऊजींचा निर्णय. गेट वेल सून सांगा.

जुना_ऑर्थो

योजना व्यवस्थित आहे. सहा आठवड्यांनी दुखणं गेलं आणि फिल्मवर जुळणं पुसट दिसलं तर घाबरू नका, मोठ्या माणसांत तीन महिने लागू शकतात. बोटं आणि कोपर मात्र आजपासून हलवायला सांगा, नाहीतर कोपर आखडतं.

केतकीचं_बन

सांगते. शेवटचा प्रश्न, भाऊजींना रात्री झोपच लागत नाही. पाउच घालून झोपायचं कसं?

हळूहळू_हलवा

सपाट झोपवू नका सुरुवातीला. पाठीमागे दोन-तीन उशा रचून अर्धवट बसतं करा, आरामखुर्ची असेल तर उत्तम. डाव्या कोपराखाली घडी घातलेली चादर, म्हणजे हात मागे लोंबकळणार नाही. पाउच रात्रीही असू द्या. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी झोपायच्या अर्धा तास आधी, जेवण झाल्यावर. आणि उजव्या कुशीवर वळायचं असेल तर छातीपाशी एक उशी कवटाळून, डावा हात तिच्यावर.